तार नसलेलं तुणतुणं

डिसेंबरात उदगीरहून भाच्याचा फोन आला. "आत्या, पुण्यात ओरिजनल तुणतुणं कुठं मिळतंय?"

मी आधी हसले. आमच्या घरात 'तुणतुणं' हा शब्द फक्त एकाच अर्थाने वापरला जातो. कुणी तेच तेच बोलायला लागलं की आई म्हणते, झालं, लागलं आपलंच तुणतुणं वाजवायला! खरं वाद्य मागणारा हा पहिलाच.

तर झालं असं, की कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी उदगीरच्या लढाईवर पोवाडा रचला होता. ३ फेब्रुवारी १७६० ची लढाई. सदाशिवरावभाऊंनी आमच्या उदगीर-औसा टापूत निजामाचा पराभव केला, दौलताबादसारखा किल्ला तहात मराठ्यांकडे आला, आणि त्याच विजयाच्या जोरावर भाऊ उत्तरेच्या मोहिमेवर निघाले. वर्ष पुरं व्हायच्या आत, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत. आम्ही उदगीरकर लहानपणी किल्ल्यात जायचो ते उदागीरबाबांच्या दर्शनाला आणि सहलीला. या गावाच्या नावाची लढाई पानिपतच्या एक पायरी आधीची आहे, हे मला फार उशिरा कळलं. पोरांना कॉलेजातच कळलं आणि त्यांनी त्यावर पोवाडा लिहिला, याचं मला भारी कौतुक वाटलं.

पण फोनवर चर्चा होती ती वाद्यांची. त्यांच्याकडे कीबोर्ड होता, ऑक्टोपॅड होता, एक ढोलकीवाला मित्र होता. कुणीतरी म्हणालं, की पेशव्यांच्या काळातला पोवाडा आणि कीबोर्ड? शोभत नाही. मग दुसऱ्याने पेटी सुचवली. त्यावर तिसरा म्हणाला, पेटी इंग्रजांची. मग ठरलं, की सगळं 'अस्सल' करायचं. अस्सल मराठमोळी वाद्यं.

मी उत्साहाने पुण्यातल्या एका दुकानातून तुणतुणं विकत घेतलं आणि कुरियरने पाठवून दिलं. वर फोनवर सल्लाही दिला. तो सल्ला काय होता, ते पुढे सांगते. त्याची लाज वाटते म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

आधी अस्सलपणाबद्दल थोडं.

जुने पोवाडे कोणत्या वाद्यांवर गायले जात, हे काही गूढ नाही. गोंधळ्यांकडे संबळ, तुणतुणं आणि झांज. शाहिराच्या हातात डफ, साथीदाराकडे तुणतुणं, तिसऱ्याकडे झांज किंवा टाळ, आणि मागे झील ओढणारे. 'जी जी रं जी' म्हणत शाहिराला दम घ्यायला उसंत देणारे ते झीलकरी. अफजलखानाच्या वधाचा, म्हणजे १६५९ च्या प्रसंगाचा अज्ञानदासाचा पोवाडा घ्या, नाहीतर सिंहगडाचा तुळशीदासाचा. ही परंपरा याच मोजक्या सामानावर चालत आली. ढोलकी आपली खरी, पण तिचं घर लावणीचं. पेटी तर फारच अलीकडची. १८४० च्या दशकात ती पॅरिसमध्ये जन्मली आणि नंतर आपल्याकडे येऊन मांडी घालून बसायला शिकली. म्हणजे पोरांची शंका बरोबर होती. भाऊसाहेब उदगीरला आले तेव्हा पेटी जगातच नव्हती.

पण एवढ्यावर थांबलं तर गंमत निघून जाते. 'डफ' हा शब्द अरबी-फारसीतून आलेला. तिकडे 'दफ' म्हणतात. आमच्या उदगीरच्या उर्सात फकिरांच्या हातात त्याचीच भावंडं दिसतात. 'शाहीर' म्हणजे अरबी 'शायर'. आणि कहर म्हणजे 'अस्सल' हा शब्दही अरबीच! म्हणजे अस्सल शाहिराने अस्सल डफावर थाप मारली, या वाक्यात मराठी काय उरलं? थाप. (ती मात्र आपण उत्तम मारतो.)

याचा अर्थ डफ परका आहे असा मुळीच नाही. तीनशे-चारशे वर्षं ज्याच्यावर आपण आपल्या लढाया ऐकल्या, ते वाद्य आपलंच. मग पेटीलाही तोच न्याय का नको? दीडशे वर्षं तीही भजनात, कीर्तनात, नाटकात बसली आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पेटी तरीही घरोघरी वाजत राहिली. वाद्याचा जन्मदाखला तपासून शुद्ध-अशुद्ध ठरवणं हा खेळ दिसतो सोपा, पण शेवटपर्यंत खेळला तर हातात काहीच राहत नाही.

हा पेच फक्त आपलाच आहे असं नाही. इंग्रजांचं एक जुनं वीरकाव्य आहे, 'बेवुल्फ'. तीन हजारांवर ओळी, आणि हस्तलिखित एकच, साधारण इसवी सन १००० च्या सुमाराचं. राजाच्या दरबारात वाद्याच्या साथीने कथा गाणारे कवी त्या काव्यातच येतात. पण ती गायची कशी, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. परंपरा मध्येच तुटली. आता आजच्या माणसाला ते काव्य गाऊन दाखवायचं असेल, तर त्याने वाद्य कोणतं घ्यायचं?

त्यांना ते जमिनीतून उकरून काढावं लागलं. १९३९ साली इंग्लंडमध्ये सटन हू या ठिकाणी सातव्या शतकाच्या सुरुवातीचं एक जहाज-दफन सापडलं. त्यात एका वाद्याचे मेपल लाकडाचे तुकडे होते. तज्ज्ञांनी ते जुळवून आधी छोटं हार्प बनवलं. बरीच वर्षं लोक तेच बघत राहिले. मग १९७० साली लक्षात आलं, की जुळवणी चुकली आहे, हे हार्प नव्हे, लायर आहे! पुन्हा नव्याने जुळवलं. २००३ साली इसेक्समधल्या प्रिटलवेलच्या थडग्यात तर लाकूड जवळजवळ विरून गेलेलं होतं. मातीत राहिला होता एक काळपट डाग आणि धातूचे काही तुकडे. त्या डागावरून वाद्याचा आकार काढला. जर्मनीत ट्रोसिंगेनला मात्र २००१-०२ च्या हिवाळ्यात जवळपास अख्खं लायर मिळालं, इसवी सन ५८० चं, अंगावर योद्ध्यांची चित्रं कोरलेलं.

बेंजामिन बॅगबी नावाचा अमेरिकन गायक असं सहा तारांचं छोटं लायर मांडीवर घेऊन 'बेवुल्फ' सादर करतो. युट्यूबवर जरूर बघा. भाषा ओ की ठो कळत नाही, तरी माणूस खिळून राहतो. आणि एक गोष्ट ध्यानात येते. तो वाद्य फार वाजवतच नाही! दोन-चार तारा छेडतो, बोलतो, ओरडतो, गप्प होतो, परत छेडतो. वाद्य त्याच्या शब्दांची वाट बघत बसलेलं असतं.

मला त्या लोकांचं कौतुक वाटतं आणि थोडी कीवही येते. एका डागासाठी केवढी ही खटपट! आपल्याकडे संबळ वाजवणारा माणूस रेणुकेच्या माहूरला जिवंत आहे, तुळजापुरात आहे. मार्गशीर्षात लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, तिथे वाघ्यांच्या हातात दिमडी वाजत असते. आपल्याला काही उकरावं लागत नाही. फार तर दोन गल्ल्या ओलांडाव्या लागतात.

आणि आपण त्या ओलांडत नाही. आता माझ्याबद्दल.

संक्रांतीला माहेरी गेले. संध्याकाळी पोरांची तालीम बघायला गेले, तर एक पोरगा हातात मी पाठवलेलं तुणतुणं घेऊन उभा. फेटा, धोतर, झकास दिसत होता. कीबोर्डवर ताल लावलेला होता, त्यातच डफाचा आणि तुणतुण्याचा आवाज भरलेला. पोरगा काडी हलवत होता. जवळ जाऊन बघितलं, तर तुणतुण्याला तारच नव्हती. कुरियरमध्ये तुटली होती म्हणे.

"अरे, मग बसवली का नाही?"

"आत्या, तूच तर म्हणालीस. आवाज ट्रॅकवर घ्या, स्टेजवर दिसायला हातात असू द्या."

हा होता माझा सल्ला. फोनवर मीच दिला होता. ट्रॅक सोपा पडतो, सूर चुकत नाही, पोरं नवशिकी आहेत, तेव्हा वाद्यं दिसायला अस्सल असली की झालं, असं मी अगदी शहाण्यासारखं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई कुणाशी तरी बोलली आणि एक गोंधळी बाबा घरी आले. आमच्या घरच्या लग्नांत पूर्वी त्यांचे वडील गोंधळ घालायचे. हे मला ठाऊकच नव्हतं. लग्नातला गोंधळ मी लहानपणी झोपेत ऐकला असणार. बाबा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी तुणतुणं हातात घेतलं, उलटं-सुलटं करून पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, ह्ये वाजवायला पायजे का नुसतं धरायला?"

मला उत्तर सुचलं नाही. भाचाच म्हणाला, "वाजवायला, बाबा."

मग त्यांनी पिशवीतून तारेचं वेटोळं काढलं. तुणतुण्याची रचना अगदी साधी असते. लाकडाचं पोकळ नळकांडं, त्याला खालून कातडं मढवलेलं, बाजूला बांबूची काठी आणि काठीच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मधोमधून निघून खुंटीपर्यंत गेलेली एक तार. बस्स. बाबांनी तार ओढून घेतली, भाच्याला म्हणाले, "गा बघू." तो गायला लागला, तशी ते खुंटी पिळत गेले. माझ्या डोळ्यांसमोर वाद्य गाणाऱ्याच्या पट्टीला येऊन बसलं. आदल्या दिवशी नेमकं उलटं चाललं होतं. ट्रॅकची पट्टी ठरलेली, आणि पोरगं बिचारं गळ्याच्या शिरा ताणून तिच्या मागे पळत होतं.

त्या दोन तासांत जे ऐकलं, त्यावरून माझं मत बदललं. ते इथे नीट मांडते. पटलं नाही तर भांडा.

पोवाडा म्हणजे आधी गोष्ट. गाणं त्या गोष्टीसाठी. गोष्ट सांगताना माणूस थबकतो, आवाज खाली आणतो, मध्येच साधं गद्य बोलतो, आणि लढाई आली की घोडा फेकतो. हे सगळं आधी ठरवून होत नाही. समोरची माणसं कुठे हलली, कुठे गप्प झाली, यावर ते ठरतं. म्हणून डफ शाहिराच्या स्वतःच्या हातात असतो. गोष्ट थांबवायची असेल तेव्हा त्याला कुणाला खूण करावी लागत नाही, आपली बोटं उचलली की झालं. डफ अचानक थांबला की जी शांतता पडते, तिच्यात पुढचा शब्द पडतो आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. तुणतुणं स्वतः काही गात नाही. एकच सूर धरून बसतं आणि चाल सगळी गळ्यावर सोडून देतं. झील आली की शाहीर श्वास घेतो, आणि ऐकणाराही मागची ओळ मनात घोळवतो. या सगळ्या सामानात शब्दाला वाट करून देण्याची सोय आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामाला लावून ते घासूनपुसून तयार झालेलं आहे.

ट्रॅक थांबत नाही. ट्रॅकला समोरचा माणूस दिसत नाही. माझा त्याच्यावरचा आक्षेप एवढाच आहे. तो नवा आहे किंवा यंत्रातून येतो, याबद्दल माझी तक्रार नाही. नव्याचा राग असता तर माईकही बंद करावा लागला असता. बार्शीचे अमर शेख काय किंवा अण्णाभाऊ साठे काय, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही मंडळी हजारोंच्या सभांपुढे गायली, ती लाउडस्पीकरवरच. आणि अण्णाभाऊंनी तर डफावर स्टालिनग्राडचा पोवाडा गायला! कुठे सिंहगड आणि कुठे व्होल्गाकाठ. डफाने तक्रार केली नाही. वाद्य एका शतकाला बांधलेलं नसतं. ते गोष्ट सांगण्याच्या रीतीला बांधलेलं असतं.

याच मापाने मी पेटीला आत घेईन. पोरांचा सूर कच्चा असेल तर पेटीवाल्याने मागे बसून हळूच आधार द्यावा, कुणाचं काही बिघडत नाही. फक्त त्याने प्रत्येक ओळ बोटांनी गाऊन दाखवू नये. त्याच मापाने कीबोर्डचा लावून ठेवलेला ताल मी बाहेर ठेवीन. जिवंत माणूस ऑक्टोपॅड वाजवत असेल, गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असेल, तर तोही चालेल. पण त्यापेक्षा डफ बरा, असं तोच दोन दिवसांत म्हणेल अशी माझी खात्री आहे.

कातडं की फायबर, हाही प्रश्न पोरांनी विचारला होता. हवेत दमटपणा आला की कातड्याचा डफ उतरतो, विस्तवावर शेकावा लागतो. फायबरला ही कटकट नाही. तरी मी कातड्याच्या बाजूची. कातड्यावर बोट कुठे पडतं त्याप्रमाणे आवाज जाड-बारीक होतो, आणि शाहिराला त्याची गरज असते. पण इथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. कातडं कमावणारे, वाद्यं मढवणारे हात ज्या जातींचे, त्यांना याच गावांनी शिवेबाहेर ठेवलं. गावाला वाद्य हवं होतं, वाजवणाराही कामापुरता हवा होता, त्याचा शेजार मात्र नको होता. आज 'अस्सल कातड्याचा डफ' म्हणून कौतुक करताना हे विसरलो, तर आपलं कौतुक अस्सल नाही.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. पोरांनी आणि मी वाद्यं अस्सल शोधली. अस्सल माणूस शोधला नाही. तो दोन गल्ल्यांवर होता. मी तुणतुणं पुण्याहून मागवलं, जसं काही ते मातीतून उकरूनच आणायचं होतं! ट्रोसिंगेनच्या लायरची नक्कल करणाऱ्या कारागिराला विचारायला कुणी उरलेलं नाही, म्हणून तो लाकडाला विचारतो. आपण विचारायला माणूस असताना वस्तूलाच विचारत बसतो. छापील पुस्तकाचंही तेच. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी गोंधळ्यांकडून पोवाडे मिळवून १८९१ साली छापले, हे त्यांचे थोर उपकार. पण पुस्तकात शब्द आले आणि थाप बाहेर राहिली. कुठे थांबायचं, कुठे झील घ्यायची, कुठे नुसतं बोलायचं, हे छापता येत नाही. ते अजून बाबांसारख्यांच्या बोटांत आहे. हे बोटांतलं गेलं, तर आपलाही पोवाडा 'बेवुल्फ' होईल. संग्रहालयात काचेआड तुणतुणी राहतील आणि कुणीतरी हुशार माणूस त्यांचे तुकडे चुकीचे जुळवील.

असो. फार गंभीर झालं. स्नेहसंमेलनात काय झालं ते सांगते.

पोरांनी अर्धं ऐकलं. सुरुवात आणि शेवट ट्रॅकवरच ठेवला, कारण "पब्लिक बसत नाही आत्या, तुला माहीत नाही." मधला भाग मात्र डफ-तुणतुणं-झांजेवर केला. तुणतुण्यापुढे वेगळा माईक लावला. तुणतुणं बाबांनीच वाजवलं, साध्या धोतर-सदऱ्यात. मी तोवर पुण्याला परतले होते, पण व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. पहिल्या भागात टाळ्या आणि शिट्ट्या जास्त आहेत, हे कबूल केलं पाहिजे. मधल्या भागाला मागून कुणीतरी "आवाज!" म्हणून ओरडलेलंही ऐकू येतं. बक्षीस नृत्याला गेलं.

पण त्या मधल्या भागात एक जागा आहे. भाऊंच्या बाजूने तोफखाना चालवणारा इब्राहिमखान गारदी पुढे होतो, ती. निजामाची फळी फोडण्यात त्या गारद्यांचा मोठा वाटा होता. तोच इब्राहिमखान पुढे पानिपतला भाऊंची बाजू न सोडता लढला, पकडला गेला आणि मारला गेला. भाच्याने तिथे डफ थांबवला आणि नुसतं नाव घेतलं. बाबांची तार तेवढी मागे चालू होती. व्हिडिओत तिथे कुणी ओरडत नाही, खोकतसुद्धा नाही. ट्रॅकवरच्या तालमीत ही ओळ मी दोनदा ऐकली होती आणि दोन्ही वेळा ती मला कळलीच नव्हती.

आई कार्यक्रमाला गेली होती. फोनवर म्हणाली, "पहिल्यांदा नुसता आवाज झाला. मग ते म्हातारबुवा आले, तेव्हा कुणी कुणाला मारलं ते कळालं." ऐंशीच्या पुढच्या, कमी ऐकू येणाऱ्या बाईचं हे मत आहे. मला ते पुरेसं वाटतं.

शेवटी एक हिशेब राहतो. कार्यक्रमानंतर बाबांना शाल-श्रीफळ दिलं. साउंडवाल्याला पैसे दिले. मी भाच्याला विचारलं, बाबांना किती दिले? तो गप्प. त्याचा दोष नाही, मलाही ते आधी सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो साउंडवाल्याच्या बिलाएवढे पैसे घेऊन बाबांकडे गेला. मी निम्मे पाठवले, निम्मे पोरांनी वर्गणी काढून. बाबांनी घेतले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी आधी सांगा, संबळवाला पण आणतो.

तेव्हा कुणी पोवाडा बसवत असेल आणि वाद्यं कोणती घ्यावी असं विचारत असेल, तर माझं उत्तर आता असं. डफ घ्या, गाणाऱ्याच्याच हातात द्या. तुणतुणं घ्या, त्याला तार आहे का बघा. झांज घ्या. लढाईच्या जागी संबळ मिळाला तर सोन्याहून पिवळं. पण या सगळ्याच्या आधी आपल्या गावात हे वाजवणारा कोण आहे, ते आईला नाहीतर आजीला विचारा. ती सांगेल. आणि साउंडवाल्याचं बिल ठरवताना त्याच कागदावर, त्याच्या वरच्या ओळीत, त्या माणसाचं मानधन लिहा.

ते पुण्याहून पाठवलेलं तुणतुणं सध्या भाच्याकडे आहे. रोज रात्री वाजवतो म्हणे. आई वैतागली आहे. म्हणते, आता घरात खरंच एकच तुणतुणं चालू असतं.